मुलाच्या गळ्याला जोरात मार लागला तर काय करावे

सायकलवरून पडताना हँडलचे टोक गळ्यात रुतते, पळताना ताणलेली दोरी आडवी येते, टेबलाच्या कडेवर गळा आपटतो. वर जेमतेम ओरखडा दिसतो, मूल रडून शांत होते आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. फसगत इथेच होते. मुलांच्या श्वासनलिकेची कूर्चा, म्हणजे तिला आकार देणारा हाडापेक्षा मऊ भाग, लवचीक असते. ती मोडण्याऐवजी दबते आणि आतले अस्तर सुजते, कधी काही तासांनीसुद्धा. तान्ह्या बाळाची ४ मिलिमीटर रुंदीची वाट आतून सगळीकडे १ मिलिमीटर सुजली, तर हवेला पाव वाटच उरते.

आधी कान द्या. आवाज घोगरा झालाय? श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येतोय? लाळ गळते, गिळताना दुखते, थुंकीत रक्त आहे? मग मानेवरून आणि छातीच्या वरच्या भागावरून बोटे अगदी हलके फिरवा. वाळलेली पाने चुरडल्यासारखी कुरकुर लागली, तर फाटलेल्या श्वासनलिकेतली हवा कातडीखाली शिरते आहे. यातले एकही लक्षण दिसले, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. लक्षण नाही, पण मार जोराचा होता, तरी रुग्णालय गाठाच.

मूल बसून श्वास घेत असेल तर तसेच बसू द्या. बळजबरीने आडवे केल्यास उरलीसुरली वाट बंद होऊ शकते. त्याला बोलते करू नका, रडवू नका. रडण्याने श्वासाची ओढ वाढते. मानेच्या मणक्याला इजा झाल्याची शंका असेल, तर आहे त्या स्थितीत डोके हातांनी स्थिर धरा. पाणीसुद्धा पाजू नका. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने नेमक्या जागी दाबा, पण श्वासनलिका दाबली जाऊ देऊ नका आणि मानेभोवती पट्टी गुंडाळू नका. रुतलेली वस्तू उपसू नका.

मूल बेशुद्ध पडले आणि श्वास थांबला, तर कडक जागेवर झोपवा. मान न वाकवता खालचा जबडा पुढे उचला. ३० वेळा छाती दाबा, मग २ श्वास द्या. दाब छातीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. फुंकर छाती जेमतेम वर येईल इतकीच. जोराने फुंकल्यास हवा फाटलेल्या जागेतून बाहेर पसरते.

डॉक्टरांना मार कशाचा, किती वाजता आणि आवाज केव्हा बदलला, हे आधी सांगा. श्वासासाठी घशातून घालायची नळी अंदाजाने सरकवली, तर अर्धवट फाटलेली श्वासनलिका पूर्ण तुटू शकते. म्हणून शक्यतो दुर्बिणीतून बघत नळी घालतात. मूल खेळू लागले, तरी डॉक्टरांनी देखरेखीसाठी ठेवायला सांगितले असेल, तर घरी नेण्याची घाई करू नका.