हिरड्यांतून रक्त येतंय आणि शुगरही उतरत नाही? या चुका टाळा

शुगरचे डॉक्टर पाय बघतात, डोळे तपासायला पाठवतात, किडनीची तपासणी सांगतात. 'आ करा' म्हणणारे विरळाच. आणि दाताच्या खुर्चीत बसलेला पेशंट आपल्या बीपी-शुगरच्या गोळ्या सांगत नाही, कारण 'दाताला त्याचं काय?' निम्मे घोळ इथेच होतात.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे रक्त दिसलं की त्या बाजूचा ब्रश बंद करायचा. रक्त ब्रशमुळे क्वचितच येतं. ते येतं दात आणि हिरडीच्या सांध्यात साचलेल्या मऊ थरामुळे. ब्रश थांबला की थर वाढतो, हिरडी आणखी सुजते. मऊ ब्रश हिरडीकडे तिरका धरून, न घासता, बारीक हालचालीने दोन मिनिटं, सकाळी आणि झोपताना. नुसती सूज असेल तर एक-दोन आठवड्यांत रक्त थांबायला लागतं. नाही थांबलं तर आत किटण, म्हणजे तोच थर कडक होऊन दाताला चिकटलेला, आहे, आणि किटण ब्रशने निघत नाही.

मग लोक अडतात ते इथे: 'क्लीनिंग केलं की दात हलतात.' खरं तर दात आधीच हललेले असतात. किटणाखालचं हाड झिजलेलं असतं आणि किटणाच्या थरामुळेच दात घट्ट वाटत असतात. तो काढल्यावर फटी दिसतात, चार दिवस थंड लागतं, आणि बदनाम होतो डेंटिस्ट. (वरची दाढ काढली की नजर जाते, हेही असंच. नजरेची नस निराळी, दाढेची निराळी.)

हे शुगरवाल्यांना मुद्दाम सांगायचं कारण असं की हा मामला दोन्ही बाजूंनी चालतो. शुगर चढलेली असली की हिरड्यांचा संसर्ग बळावतो. आणि हिरड्यांची सूज सतत राहिली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. कॉक्रेन ही संस्था जगभरातल्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासते. तिच्या २०२२च्या आढाव्यात ३५ चाचण्या पाहिल्या होत्या. हिरड्यांवर उपचार झालेल्यांची एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, तीन-चार महिन्यांत उपचार न झालेल्यांपेक्षा सरासरी ०.४३ टक्का खाली आली. म्हणून शुगरची गोळी सोडायची असं नाही. पण जेवणाचं पथ्य पाळूनही रिपोर्ट हलत नसेल तर एकदा तोंड दाखवा. हृदयाच्या बाबतीत मात्र 'दात घासा, अटॅक टाळा' असं कोणी छातीठोक सांगत असेल तर सावध राहा. हिरड्यांचे आजार आणि हृदयविकार बरेचदा एकत्र दिसतात, पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही.

दाढ काढायला उपाशीपोटी जाणं ही आणखी एक चूक. साध्या भूल देण्याच्या इंजेक्शनला उपास लागत नाही. गोळी घेऊन न खाता गेलात तर खुर्चीतच घाम फुटेल, हातपाय थरथरतील. नाश्ता करा, औषधं नेहमीसारखी घ्या, सकाळची वेळ मागा. रक्त पातळ करण्याची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेंट असलेल्याला ते महागात पडू शकतं, दाढेचं रक्त मात्र बोळा दाबून, टाका घालून थांबवता येतं. हृदयात कृत्रिम झडप असेल तर ते आधीच सांगा, कारण अशांना दाढ काढण्यापूर्वी अँटिबायोटिकचा डोस लागतो.

आता मशेरी. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबी मोरीच्या कोनाड्यात. काकूंना विचारा, त्या म्हणतील, 'मी तंबाखू खात नाही, दात घासते.' पण हिरडीवर चोळलेलं निकोटीन थेट रक्तात जातं, आणि 'मशेरी लावली की दाढ दुखायची थांबते' म्हणणाऱ्या बाईची कीड आत वाढतच असते. मुंबईतल्या बाराशेहून अधिक गरोदर बायकांच्या २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. घरातल्या सुनेला सासूने मशेरीची सवय लावू नये, एवढं तरी व्हावं.

आजी-आजोबांची कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवा. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्यांच्या अभ्यासात कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला.

दुखऱ्या दाढेशी अ‍ॅस्पिरिनची गोळी दाबून धरू नका, गाल भाजतो. गाल सुजला तर बाहेरून शेकू नका, आणि मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक शोधू नका. जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा श्वास लागतोय असं असेल तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. डेंटिस्टचा दवाखाना बंद असेल, तर सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.