चीनमधली मेडिकल डिव्हाइसची लाईन मेक्सिकोला न्यायची तर सुरुवात कुठून करायची

अमेरिकेत मेडिकल डिव्हाइस कंपन्यांत आपली मराठी मंडळी भरपूर आहेत, कोणी क्वालिटीत, कोणी सोर्सिंगमध्ये, आणि टॅरिफचं (आयात मालावरच्या जादा ड्यूटीचं) सुरू झाल्यापासून बॉस विचारतोच की ही प्रॉडक्शन लाईन चीनमधून उचलून मेक्सिकोतल्या तिहुआनाला किंवा कोस्टा रिकाला नेता येईल का. येतं. पण इमारत बघायला विमानात बसायच्या आधी करायची कामं वेगळीच आहेत, ती सांगतो.

पहिलं म्हणजे एचटीएस कोड (अमेरिकेत आयात मालावर किती ड्यूटी ते ठरवणारा नंबर) काढा, प्रत्येक प्रॉडक्टचा, आणि कस्टम्स ब्रोकरकडून तपासून घ्या. सिरिंज, कॅथेटर वगैरे ९०१८ खाली येतात आणि तिथली नेहमीची ड्यूटी शून्य, त्यामुळे कोड बरोबर आहे का हे वर्षानुवर्षं कोणी बघतच नव्हतं, चुकला तरी भरायचं शून्यच. आता त्या शून्यावर थर चढलेत. चिनी सिरिंज आणि सुयांवर सप्टेंबर २०२४ पासून १०० टक्के, रबरी मेडिकल ग्लोव्ह्जवर २०२५ ला ५० आणि २०२६ ला १००. उलट कायमचं अपंगत्व किंवा जुनाट आजार असलेल्यांसाठी खास बनवलेली काही डिव्हाइसेस ९८१७.००.९६ मध्ये बसतात आणि बऱ्याच ड्यूट्यांतून सुटू शकतात, तेव्हा तुमचं प्रॉडक्ट त्यात बसतंय का हे आधी विचारा, बसलं तर कदाचित हलवायची गरजच नाही.

दुसरं ओरिजिन, म्हणजे माल कुठल्या देशाचा धरायचा, आणि इथे लोक जाम फसतात. चीनमधून सगळे पार्ट आणायचे, मेक्सिकोत चार स्क्रू पिळायचे आणि माल मेक्सिकोचा झाला म्हणायचं, असं चालत नाही. चिनी मालावरच्या जादा ड्यूटीसाठी, जिला ३०१ म्हणतात, कस्टम्सवाले बघतात की मालाचं नाव, रूप, उपयोग खरंच बदलला का, नुसत्या साध्या जुळणीने माल चिनीच राहू शकतो. यूएसएमसीएचा, म्हणजे अमेरिका-मेक्सिको-कॅनडा व्यापार कराराचा, नियम परत वेगळा, तो प्रॉडक्टप्रमाणे. मार्च २०२५ मध्ये मेक्सिकोच्या मालावर २५ टक्के लागले आणि तीनच दिवसांत यूएसएमसीएत बसणाऱ्या मालाला सूट मिळाली, तेव्हा ज्यांनी ड्यूटी शून्य म्हणून माल करारात बसतो असं सर्टिफिकेशन कधी केलंच नव्हतं त्यांची पळापळ झाली. त्याला ठरलेला फॉर्म नाही, ९ मुद्दे लिहून द्यायचे, पण त्यामागचा बीओएम (पार्टची यादी) आणि सप्लायरचे कागद पाच वर्षं सांभाळायचे. शंका असेल तर कस्टम्सकडून बाइंडिंग रूलिंग (त्यांच्यावर बंधनकारक लेखी निर्णय) मागा, लाईन हलवायच्या आधी, नंतर नाही.

मग एक्सेलमध्ये हिशोब दोनदा करा. एकदा आजच्या टॅरिफने आणि एकदा टॅरिफ शून्य धरून. दुसऱ्या शीटवरही मेक्सिको परवडत असेल, म्हणजे फ्रेट (वाहतूक खर्च) वाचतंय, समुद्रात अडकणारा माल कमी होतोय, इंजिनिअर सकाळी सॅन दिएगोहून निघून संध्याकाळी घरी येतोय, तर हलवा. फक्त पहिल्याच शीटवर परवडत असेल तर माझं मत, हात लावू नका. टॅरिफ एका आदेशाने बदलतं आणि लाईन हलवायला दीड-दोन वर्षं सहज जातात. शिवाय यूएसएमसीएची फेरतपासणी जुलै २०२६ मध्ये करायची असं करारातच लिहिलंय, म्हणजे तोही काही दगडावरची रेघ नाही.

जागेबद्दल थोडक्यात. तिहुआनात मेडिकलवाले इतके आहेत की ऑपरेटर, मोल्डर (साच्यातून प्लास्टिकचे पार्ट काढणारे), पॅकेजिंगवाले सगळे मिळतात, पण माणसं टिकवणं अवघड, शेजारचा प्लांट जरा जास्त देतो आणि जातात. पहिल्यांदा जाताना शेल्टर कंपनीतून (कारखान्याची कागदोपत्री बाजू सांभाळणारी स्थानिक कंपनी) जा, इमेक्सचा परवाना (मेक्सिकोत माल आणून, बनवून बाहेर पाठवायचा), पगार, इम्पोर्ट त्यांच्या नावावर, तुम्ही फक्त प्रोसेस आणि क्वालिटी बघायची. कोस्टा रिकात अलाहुएलाजवळच्या कोयोल फ्री झोनमध्ये बॉस्टन सायंटिफिक, अबॉट असे मोठे बसलेत, कॅथेटरसारख्या नाजूक कामाला ते बरं, पण तिथून माल ट्रकने येत नाही.

आता खरं काम. एफडीएचं (अमेरिकेत औषधं-डिव्हाइसना मंजुरी देणारी सरकारी संस्था) काय लागेल ते रेग्युलेटरीला पहिल्या मीटिंगलाच बसवून ठरवा. ५१०(के) वालं प्रॉडक्ट, म्हणजे आधीच्या तशाच डिव्हाइसशी तुलना करून क्लिअर झालेलं, असेल आणि डिझाइन, मटेरियल, स्टरिलायझेशन (निर्जंतुक करणं) तेच असेल तर नुसत्या जागा बदलासाठी सहसा नवीन ५१०(के) लागत नाही, कारणमीमांसा लिहून फाइलला लावायची. पीएमए, म्हणजे जास्त जोखमीच्या डिव्हाइसची कडक मंजुरी, असेल तर साइट चेंज सप्लिमेंट (जागा बदलाचा अर्ज), तो १८० दिवसांचा प्रकार आहे आणि इन्स्पेक्शन आलं तर आणखी लांबतं. म्हणून पहिलं प्रॉडक्ट कंटाळवाणं निवडा, ५१०(के) वालं, साधं, रोज खपणारं. फेब्रुवारी २०२६ पासून एफडीएची क्वालिटी सिस्टिम आयएसओ १३४८५ (मेडिकल डिव्हाइसचं आंतरराष्ट्रीय क्वालिटी स्टँडर्ड) वर आलीय, त्यामुळे त्या सर्टिफिकेटवाला प्लांट असेल तर निम्मी भाषा तरी जुळते. युरोपला विकत असाल तर नोटिफाइड बॉडीलाही (तिथे डिव्हाइस तपासून सर्टिफिकेट देणारी संस्था) कळवा, त्यांच्या तारखा मिळणं हाच एक प्रोजेक्ट.

व्हॅलिडेशनमध्ये आयक्यू, ओक्यू, पीक्यू (मशीन नीट बसलंय, नीट चालतंय, सतत चांगला माल देतंय हे सिद्ध करणं) सगळ्यांना माहीत असतं, पण तेच मशीन उचलून नेलंय मग परत कशाला हा प्रश्न फायनान्सवाले विचारणारच. कारण वीज वेगळी, हवेतला दमटपणा वेगळा, ऑपरेटर नवीन. पाऊच सीलरची (मालाच्या पिशव्या बंद करणारं मशीन) जुनी सेटिंग जशीच्या तशी टाकून चालत नाही, तापमान-दाब-वेळ यांच्या दोन्ही टोकांना सील तपासावं लागतं. एजिंगचे (माल गरम ठेवून लवकर जुना करून तपासायचे) दिवस शेड्यूलमध्ये आधीच टाका, ५५ डिग्रीला साधारण ३७ दिवस म्हणजे एक वर्षाची शेल्फ लाइफ, पाच वर्षांचा दावा असेल तर गुणाकार करा आणि बॉसला दाखवा.

स्टरिलायझेशन सगळे शेवटी आठवतात. जागा बदलली की मालावरचे जंतू म्हणजे बायोबर्डन बदलतो, गॅमा किरणांनी करत असाल तर डोस परत सिद्ध करायचा, इथिलीन ऑक्साइड वायूने करत असाल तर कंत्राटी चेंबरमध्ये जागा आधी अडवायची, ती मागितली की लगेच मिळेल असं समजू नका.

आणि मोल्ड, म्हणजे साचा! टूलिंगचे (साचे बनवायचे) पैसे तुम्ही दिलेत म्हणजे मोल्ड तुमचा, असं तोंडी धरू नका, करारात लिहिलंय का बघा. चीनच्या सप्लायरला तुम्ही निघताय हे कळलं की डिलिव्हरी अचानक ढिली पडते, म्हणून आधी नवीन लाईन पीक्यू पास होईपर्यंत पुरेल एवढा स्टॉक बांधा, त्यात काही महिने जास्तीचे धरा, एक्सपायरी बघून, मगच त्यांच्याशी बोला. जुनी लाईन तिहुआनाचे पहिले काही विक्रीचे लॉट तक्रारीशिवाय जाईपर्यंत चालूच ठेवा, डबल खर्च होतो, तो बजेटमध्ये पहिल्याच दिवशी मागून घ्या कारण नंतर कोणी देत नाही.