या चुका टाळा: लिनक्स कर्नलच्या ट्रेसिंग कोडमधले छोटे बग दुरुस्त करताना

एफट्रेस, म्हणजे कर्नलमध्ये काय घडतंय त्याच्या नोंदी ठेवणारी (ट्रेसिंगची) यंत्रणा, २००८ साली, २.६.२७ या आवृत्तीत लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आली. तिच्यातले बरेचसे बग आजही दोन-चार ओळींत सुटतात. पण ओळी थोड्या म्हणून काम सोपं, असं नाही. ट्रेसिंगमध्ये नोंद लिहिली जाते एका क्षणी आणि वाचली जाते भलत्याच क्षणी, कधी काही मायक्रोसेकंदांनी तर कधी तासाभराने. पुढच्या बहुतेक चुका या मधल्या काळाचा विसर पडल्यानेच होतात. (कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.)

पॉइंटर साठवला, मजकूर नाही

ट्रेस_इव्हेंट या मॅक्रोने नोंदवायची घटना (इव्हेंट) ठरवली जाते. त्याचा टीपी_फास्ट_असाइन हा भाग घटना घडते तेव्हा चालतो. टीपी_प्रिंटके मात्र कोणी ट्रेस फाइल वाचेल तेव्हा चालतो. नोंदीत डिव्हाइसच्या नावाचा नुसता पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ठेवला आणि छापताना '%एस' वापरलं, तर तुमच्या मशीनवर सगळं सुरळीत दिसेल, कारण डिव्हाइस अजून जागेवर आहे. ते काढलं किंवा मॉड्यूल उतरवलं आणि मग ट्रेस वाचला, की मोकळी झालेली मेमरी वाचली जाते. कधी कचरा छापला जातो, कधी कर्नल कोसळतो. त्यामुळे चाचणीचा क्रमही तसाच ठेवा: इव्हेंट चालू करा, घटना घडवा, मॉड्यूल उतरवा आणि त्यानंतरच ट्रेस वाचा.

दुरुस्ती ठरलेली आहे. रचनेत __स्ट्रिंग, भरताना __असाइन_स्ट्र, छापताना __गेट_स्ट्र. लांबी ठरलेली असेल, उदाहरणार्थ सहा बाइटचा मॅक पत्ता, तर __अ‍ॅरेमध्ये बाइट उतरवून घ्या. असे धोकादायक फॉरमॅट कर्नल बूट होताना आणि मॉड्यूल चढताना तपासतो आणि इशारा देतो. पण '%डी' लिहून साठवलेल्या पॉइंटरच्या आतला आकडा छापत असाल, तर या तपासणीवर विसंबू नका. टीपी_प्रिंटकेमध्ये नोंदीबाहेरचं काहीही वाचायचं नाही, हा नियम स्वतःच पाळायला हवा.

याच भागात आणखी एक चूक फार वेळा दिसते. ट्रेस फाइलमध्ये नाव बरोबर येतं, पण पर्फ किंवा ट्रेस-सीएमडी ही कर्नलबाहेरून ट्रेस वाचणारी साधनं तीच नोंद चुकीची दाखवतात. ही साधनं इव्हेंटच्या फॉरमॅट फाइलमधला मजकूर वाचून छपाई स्वतः करतात आणि त्यांना एनमच्या (आकड्यांना दिलेल्या नावांच्या यादीतल्या) नावांची किंमत माहीत नसते. आकड्याऐवजी नाव छापणाऱ्या __प्रिंट_सिम्बॉलिकमध्ये एनम वापरलं असेल, तर प्रत्येक नावासाठी ट्रेस_डिफाइन_एनम लिहा. हॅश-डिफाइनने केलेल्या स्थिरांकांना हे लागत नाही, त्यांच्या जागी आकडा आधीच आलेला असतो. टीपी_प्रिंटकेमधून स्वतःचं फंक्शन बोलावलं तरी हाच घोळ होतो, कारण बाहेरच्या साधनाला ते फंक्शन चालवता येत नाही.

फील्डचा क्रम लावताना मोठे आधी, छोटे नंतर. ६४-बिट मशीनवर एक बाइटचं फील्ड आधी आणि आठ बाइटचं नंतर ठेवलं, तर मधले सात बाइट प्रत्येक नोंदीत वाया जातात.

घेतलेला संदर्भ परत न करणं

इन्स्टन्सेस डिरेक्टरीत एमकेडिरने केलेला ट्रेस बफर आरएमडिरने निघत नाही, 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असं उत्तर येतं आणि फाइल तर कोणीच उघडलेली नसते. अशा वेळी फाइल उघडणाऱ्या ओपन फंक्शनमधली एरर आल्यावरची वाट तपासा. ट्रेस_अ‍ॅरे_गेट यशस्वी झालं, पुढचं सेक_ओपन फसलं आणि ट्रेस_अ‍ॅरे_पुट न करताच फंक्शन परतलं, की बफर किती जण वापरताहेत याची मोजणी कायमची एकाने वाढून राहते. इथे अनेकांची समजूत असते की फाइल बंद करणारं रिलीज फंक्शन ते सांभाळून घेईल. तसं होत नाही. ओपनने एरर परत केला की रिलीज बोलावलंच जात नाही. आवराआवर ओपननेच करायची.

ही वाट एरवी सहसा चालतच नाही, म्हणून चाचणीपुरतं सेक_ओपन हाताने मेमरीचा एरर परत करेल असं करा, इन्स्टन्स तयार करा, फाइल उघडून बघा आणि आरएमडिर करा. सिंगल_ओपनने उघडलेली फाइल सिंगल_रिलीजनेच बंद व्हायला हवी. तिथे सेक_रिलीज लावलं तर दर वेळी थोडी मेमरी गळते आणि केमेमलीक (मेमरीची गळती शोधणारं कर्नलचं साधन) चालू असेल तरच ते कळतं.

सेक_फाइल, म्हणजे फाइलचा मजकूर एकेक नोंद करून देणारी यंत्रणा, स्टार्ट, नेक्स्ट आणि स्टॉप ही फंक्शन्स बोलावते. तिच्यात स्टार्ट फसलं तरी स्टॉप बोलावलं जातं. स्टार्टमधून लॉक घेण्याआधीच परतलात, तर स्टॉप न घेतलेलं लॉक सोडतं. म्हणून लॉक आधी, तपासण्या नंतर. नेक्स्टमध्ये शेवटची नोंद असली तरी पोझिशनचा आकडा वाढवायचाच. नाही वाढवला तर त्या फंक्शनला 'बगी' म्हणणारा संदेश डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या यादीत) येतो.

इव्हेंट_म्यूटेक्स आणि ट्रेस_टाइप्स_लॉक ही दोन्ही लॉक लागत असतील, तर पहिलं आधी आणि दुसरं नंतर घ्या. क्रम उलटा झाला तरी शंभर चाचण्या पार पडू शकतात. कॉन्फिग_प्रूव्ह_लॉकिंग लावलेला कर्नल मात्र प्रत्यक्ष अडकण्याची वाट न बघता चूक दाखवतो. नव्या गार्ड पद्धतीने (फंक्शन संपताच लॉक आपोआप सुटतं अशी) लॉक घेत असाल, तर त्याच फंक्शनमध्ये गोटूची जुनी आवराआवर ठेवू नका. एकतर पूर्ण बदला, नाहीतर हात लावू नका.

बग नसलेल्या ठिकाणी बग शोधणं

नोंदी गहाळ दिसल्या म्हणून थेट रिंग बफरच्या (नोंदी साठवणाऱ्या बफरच्या) कोडमध्ये शिरू नका. बफर प्रत्येक सीपीयूचा वेगळा असतो, नेहमीचा आकार १४०८ केबी, आणि तो भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात. पर_सीपीयू/सीपीयू०/स्टॅट्स फाइलमधला ओव्हररन वाढत असेल, तर बफर_साइझ_केबी वाढवून पुन्हा बघा. ट्रेस_पाइप ही फाइल वाचली की नोंद बफरमधून संपते. दुसऱ्या खिडकीत कोणी तेच वाचत असेल, तर नोंदी दोघांत वाटल्या जातात. कर्नल/ट्रेस डिरेक्टरीतली फंक्शन्स ट्रेस होत नाहीत, हाही बग नाही. ती साधारणपणे फंक्शन ट्रेसिंगविनाच कंपाइल केली जातात, नाहीतर ट्रेसर स्वतःलाच ट्रेस करत बसेल.

त्याच कारणाने ट्रेसिंगच्या कॉलबॅकमध्ये (ट्रेसर प्रत्येक वेळी बोलावतो त्या तुमच्या फंक्शनमध्ये) संदेश छापणारं प्रिंटके टाकू नका. प्रिंटकेच्या आतली फंक्शन्स ट्रेस होतात आणि पुन्हा तुमच्याच कॉलबॅककडे येतात. थेट ट्रेस बफरमध्ये लिहिणारं ट्रेस_प्रिंटके हलकं आहे, पण पॅचमध्ये राहिलं तर बूट होताना 'नोटिस' शब्दांची मोठी चौकट छापली जाते. रिंग बफरच्याच कोडमध्ये तर तेही वापरू नये.

पॅच पाठवण्याआधी

टूल्स/टेस्टिंग/सेल्फटेस्ट्स/एफट्रेस इथलं एफट्रेसटेस्ट ही चाचणी-स्क्रिप्ट रूट म्हणून चालवा. निकालात 'फेल' नाही म्हणून निश्चिंत होऊ नका, 'अनसपोर्टेड' किती आहेत ते मोजा. तुम्ही बदललेल्या भागाची चाचणीच त्यात असेल, तर ती चाललेलीच नाही. त्याच डिरेक्टरीतल्या कॉन्फिग फाइलमधले पर्याय कर्नलमध्ये लावून पुन्हा चालवा.

चेकपॅच (पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट) ट्रेस_इव्हेंटच्या मांडणीवर तक्रार करतो. शेजारच्या इव्हेंटची मांडणी पाळा आणि तक्रार सोडून द्या.

पॅचच्या वर्णनातल्या फिक्सेस ओळीत, बग ज्या बदलाने आला त्या मूळ कमिटच्या ओळख-क्रमांकाची पहिली १२ अक्षरं आणि त्याचं पूर्ण शीर्षक द्या. दुरुस्ती जुन्या स्थिर आवृत्त्यांत जाणार असेल, तर __असाइन_स्ट्र खास तपासा. ६.१० पासून ते एकच आर्ग्युमेंट घेतं, त्याआधी दोन घेत होतं. नव्या कर्नलवरचा पॅच ६.६ वर बिनतक्रार बसेल, पण कंपाइल होणार नाही. तिथे स्रोताचं नाव दुसरं आर्ग्युमेंट म्हणून हाताने घालावं लागतं.