पालि शिकायचं म्हणताय?

पालित, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेत, एम.ए. करतो म्हटलं की घरून पहिला प्रश्न येतो, "नोकरी कुठं लागणार?" प्रश्न रास्त आहे. जागा मोजक्याच. नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, झाल्यावरही मी सहा वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, काढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीसोबत पालिलाही अभिजात दर्जा मिळाला, पण तेवढ्यानं पदं निघत नाहीत. त्या बातमीवर घराचे हप्ते ठरवू नका.

आधी व्याकरण. भाषांतरं वाचून प्रबंध उभा करता येतो, पण मुलाखतीत कुणी साधी गाथा, म्हणजे पालि श्लोक, पुढे सरकवली की घाम फुटतो. पालिला स्वतःची अशी लिपी नाही, आणि इगतपुरीच्या विपश्यना संस्थेहून निघालेलं सगळं त्रिपिटक, म्हणजे बौद्धांचा मूळ ग्रंथसंग्रह, देवनागरीत आहे, एवढी आपली सोय. संस्कृत येत असेल तर रूपं ओळखीची वाटतात. तिथंच फसगत होते.

रविवारी वस्तीतल्या विहारात वर्ग घ्यायला लागलो तो खरं तर उपकार केल्यासारखा. पंचशील रोज म्हणणाऱ्या लोकांना मी विभक्ती शिकवणार होतो. पहिल्याच महिन्यात, महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेल्या एका आजींनी विचारलं, "सर, यात हुकूम कोण सोडतंय?" मी पंचशीलातलं पहिलं शील फळ्यावर लिहिलं: पाणातिपाता वेरमणी सिक्खापदं समादियामि. 'पाणातिपाता' पंचमी, जीव घेण्यापासून. 'वेरमणी', दूर राहणं. 'सिक्खापदं', शिकण्याचा नियम. 'समादियामि', प्रथमपुरुषी एकवचन, मी स्वीकारते. आजी म्हणाल्या, "म्हंजे हुकूम न्हाईच. माझं मीच ठरवलंय." हीच रूपं मी पालि विभागात विद्यार्थ्यांकडून कितीदा घोकून घेतली होती; वाक्यात आज्ञार्थ नाही, हे मात्र कधी बोललो नव्हतो.

पालिचे पंडित धर्मानंद कोसंबींचं उदाहरण म्हणूनच जवळचं वाटतं. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस सिंहलद्वीपात, म्हणजे श्रीलंकेत, पालि शिकला, हार्वर्डला 'विसुद्धिमग्ग' या पालि ग्रंथाच्या संपादनावर बसला, फर्ग्युसनमध्ये शिकवलं, आणि परळच्या गिरणगावात बहुजन विहारही काढला.

एक पथ्य पाळा. वर्गातल्या लोकांचं बोलणं शोधनिबंधात घ्यायचं तर आधी त्यांना विचारा. "हे बुद्धानं खरंच म्हटलं का?" असं कुणी विचारलं, तर पाठभेद आहेत हे सरळ सांगा, श्रद्धा त्यानं मोडत नाही. वर्ग सुरू करायचा तर वर्षावासात, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या काळात, करा. आषाढी ते आश्विन पौर्णिमा ग्रंथवाचनाला माणसं येतातच, त्यातली चार-पाच मागे थांबतात.

माझ्याकडे सध्या अकरा जण आहेत. 'तस्स' हे रूप चतुर्थी (त्याला) की षष्ठी (त्याचं), यावर दोन रविवार अडलोय.