बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरा बुरा

किल्ली फिरवल्यावर नुसती टिकटिक ऐकू येऊन गाडी सुरू झाली नाही, तर नवी बॅटरी घेण्याआधी बोनेट उघडून टर्मिनल, म्हणजे बॅटरीला तारा जोडलेली दोन टोके, पाहावीत. तेथे पांढरा किंवा हिरवट-निळा बुरा दिसला, तर दोष बॅटरीत नसून जोडणीत असण्याची बरीच शक्यता असते. चार्जिंगच्या वेळी लेड-ॲसिड बॅटरीतून बाहेर पडणारे आम्लाचे सूक्ष्म कण शिशावर आणि तारेतल्या तांब्यावर बसून हे क्षार तयार होतात.

इंजिन बंद करून किल्ली काढावी, हातमोजे व चष्मा घालावा आणि बोटातली अंगठी उतरवून ठेवावी. बहुतेक गाड्यांत 10 मिमीचा पाना लागतो. आधी वजा टोकाची तार सोडवावी, मग अधिकची. हा क्रम कधीही चुकवू नये. गाडीचा पत्रा वजा टोकाला जोडलेला असल्यामुळे, ती तार तशीच ठेवून अधिकचा नट सोडवताना पाना पत्र्याला टेकला, तर शॉर्ट होऊन ठिणगी उडते, आणि बॅटरीभोवती चटकन पेट घेणारा हायड्रोजन वायू साचलेला असू शकतो. क्लॅम्प, म्हणजे तारेच्या टोकाची पकड, अडकला असेल तर हातोडीने ठोकू नये, तो ज्यावर बसतो तो बॅटरीचा शिशाचा खुंट मऊ असतो.

कपभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून जुन्या टूथब्रशने लावावा. फसफस थांबेपर्यंत घासत राहावे, मात्र बॅटरीची झाकणे घट्ट बंद असावीत, कारण सोडा आत गेल्यास आतले आम्लच निकामी होते. नंतर स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण कोरडे करावे. क्लॅम्पची आतली बाजू अनेकांकडून राहून जाते, आणि वीज तर तिथूनच वाहते. ती पॉलिश पेपरने हलक्या हाताने, शिशाची चमक दिसेपर्यंत घासावी.

जोडताना आधी अधिक, शेवटी वजा. क्लॅम्प हाताने हलणार नाही इतका आवळून वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा.

बुरा महिनाभरात परत आला, तर कारण शोधायलाच हवे. डिस्टिल्ड वॉटर खुणेच्या वर भरलेले असते किंवा चार्जिंग जास्त होत असते. इंजिन चालू असताना दोन्ही टर्मिनलना लावलेल्या मल्टीमीटरवर (व्होल्ट मोजायच्या यंत्रावर) साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट दिसावेत, 15 च्या पुढे काटा गेला तर रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचे व्होल्ट आटोक्यात ठेवणारा भाग, तपासून घ्यावा. मात्र खुंटाच्या बुडाशीच ओल झिरपत असेल, तर तेथील सील फुटलेले असते आणि मग बॅटरी बदलणेच योग्य.