महामार्गाच्या पट्ट्याला नाव मागण्याआधीची तयारी

जालन्याहून संभाजीनगरकडे निघालं की बदनापूरच्या अलीकडे दावलवाडीला महिको या बियाणे कंपनीचं संशोधन केंद्र लागतं. जालना ते बदनापूर या पट्ट्याला महिकोचे संस्थापक बद्रीनारायण बारवाले यांचं नाव असावं, असं मला मनापासून वाटतं. मराठवाड्यात गावोगावी अशी एखादी इच्छा कुणी ना कुणी बाळगून आहे. कुठे जिनिंग उभारणारा माणूस मनात असतो, कुठे मोंढा नावारूपाला आणणारा. पण निवेदन घेऊन पालकमंत्र्यांच्या गाडीमागे धावण्याआधी बरंच काही हाताशी लागतं. ते सुचेल त्या क्रमाने लिहितो.

सुरुवात रस्त्यावरूनच करा. किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, म्हणजे विषय केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयापर्यंत जाणार. हिरवा असेल तर राज्य महामार्ग. पण दगडावर विसंबू नका, कारण रस्ते हस्तांतरित होतात आणि दगडाचा रंग मात्र जुनाच राहतो. बाह्यवळण झालं की गावातून जाणारा जुना रस्ता पुष्कळदा दुसऱ्या यंत्रणेकडे जातो. तेव्हा दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका आणि कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत रस्ता कुणाच्या ताब्यात आहे, हे लेखी घ्या. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, तेवढा वेळ आधीच धरून चाला. शहराच्या हद्दीतला तुकडा असेल तर महापालिकेचा ठराव वेगळा लागेल. जालना २०२३ मध्ये महापालिका झाली, म्हणून नगरपालिकेच्या काळातले जुने कागद पुन्हा तपासून घ्या.

पट्टा लहान मागा. ‘जालना रोड’ असं मोघम लिहू नका. सुरुवातीचा आणि शेवटचा किलोमीटर, मीटरसह, ठरावात आला पाहिजे. लहान पट्टा मागण्याला माझ्या लेखी आणखी एक कारण आहे. ज्या माणसाचं नाव द्यायचं त्याचं काम त्या रस्त्यावरून जाताना दिसलं पाहिजे. दावलवाडी त्या वाटेवर आहे म्हणूनच मी हा पट्टा म्हणतो, जिल्हाभरचा रस्ता मागत नाही.

मग माणसाची कागदपत्रं. ‘थोर उद्योजक, दानशूर व्यक्तिमत्त्व’ एवढ्या ओळीवर कुणी सही करत नाही, करूही नये. बारवाले यांच्याबद्दल लिहायचं तर असं लिहावं लागेल: पुसा सावनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, तेव्हा हळद्या रोगाने भेंडीचे प्लॉट बसत होते. १९६४ मध्ये जालन्यात महिको स्थापन केली. १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, २००१ मध्ये पद्मभूषण. २४ जुलै २०१७ ला ते गेले. त्यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं गणपती नेत्रालय आजही मराठवाडा-विदर्भातल्या म्हाताऱ्या माणसांची मोतीबिंदूची ऑपरेशनं करतंय. यातल्या प्रत्येक वाक्यामागे एक कागद लावा. कुटुंबीयांची लेखी संमती सगळ्यांत वर ठेवा, आणि नावाचं देवनागरी लेखन त्यांच्याकडूनच तपासून घ्या. एकदा फलक लागला की वेलांटीची चूक वर्षानुवर्षं तशीच राहते.

सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा तो विरोधाच्या मुद्द्यांना. गावात कुणीतरी उठून विचारणारच की बोंडअळीला दाद न देणारा म्हणून आलेल्या बीटी कापसाचं काय? २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली त्यात महिकोचा वाटा होता. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आपल्याकडची पराटी पोखरून काढली. बीटी वांग्यावर २०१० पासून स्थगिती आहे, ते वाणही महिकोनेच विकसित केलेलं. ज्याचं पीक गेलं त्याला तुम्ही पुरस्काराचा फोटो दाखवू शकत नाही. त्याचं म्हणणं पूर्ण ऐका, इतिवृत्तात लिहा, आणि मग आपली बाजू मांडा. माझी बाजू अशी की या माणसाने कोरडवाहू जालन्यात बियाण्याचा धंदा रुजवला आणि त्यावर हजारो घरांची चूल पेटली. ज्याला हे पटणार नाही त्याचा विरोध प्रस्तावासोबत जोडावा. लपवलेला विरोध पुढे दुप्पट होऊन येतो.

हे मी उगाच सांगत नाही. नावाचा प्रश्न आपल्या भागात काय होऊ शकतो हे मराठवाड्याने सोसलंय. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात झाला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात दलित वस्त्या जळाल्या, माणसं मेली. रस्त्याच्या पट्ट्याची गोष्ट त्यापुढे फार लहान आहे, तिची तुलनाही करू नये. पण आधी माणसांशी बोलायचं, हे त्या आठवणीने मनात पक्कं बसलंय. त्या रस्त्याला आधीच कुणाचं नाव आहे का, एखाद्या चौकाला लोक कुणाच्या नावाने ओळखतात का, हे वस्त्यावस्त्यांत जाऊन विचारा. कुणाचं नाव पुसून आपलं लावायचं नाही.

ग्रामपंचायतींचे ठराव रस्त्यावरच्या प्रत्येक गावाचे घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांना ग्रामसभा होतात, पण विषय आधी कार्यसूचीवर आला पाहिजे. सूचक-अनुमोदकाची नावं, हजेरी, सह्या नीट असाव्यात. रस्त्याला ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना पहिल्या रांगेत बसवा. आणि सीड प्लॉटवर क्रॉसिंगला, म्हणजे हाताने फुलांचं परागीकरण करायला, जाणाऱ्या बायांना बोलवायला विसरू नका. बियाण्याची जी कीर्ती झाली ती त्यांच्या बोटांनी झाली, फुलाफुलावर. त्या दुपारी येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांच्याशी बोलायला संध्याकाळी, वेगळं जा.

नाव सुटसुटीत ठेवा. समृद्धी महामार्गाचं अधिकृत नाव किती मोठं आहे, पण ७०१ किलोमीटरभर ट्रकवाला ‘समृद्धी’च म्हणतो. नावाआधी चार बिरुदं लावली की लोक नेमकं नावच गाळतात. कंपनीचं बोधचिन्ह फलकावर नको, खर्च कुणी केला तेही नको.

पुतळ्याचा विषय निघालाच तर तिथेच थांबवा. सार्वजनिक रस्त्यांवर पुतळे किंवा इतर बांधकामं उभारायला परवानगी देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ ला बजावलंय. फलक कुठे आणि केवढा लावायचा ते बांधकाम विभागाच्या अभियंत्यालाच ठरवू द्या.

पट्ट्यावरच्या अपघातांची माहितीही पोलीस ठाण्यातून मागून घ्या. साधारण पाचशे मीटरच्या अंतरात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसं गेली, तर ती जागा ब्लॅक स्पॉट धरतात. अशी जागा असेल तर तिच्या दुरुस्तीची मागणी त्याच निवेदनात, नावाच्या मागणीच्या वर लिहा. आपण ज्याचा मान राखतोय त्याचं नाव रोज अपघाताच्या बातमीत येणं मला सहन होणार नाही.

निवेदनाच्या तीन प्रती काढा. एक बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला, एक जिल्हाधिकारी कार्यालयात, तिसरी आपल्याजवळ, पहिल्या दोन्हींवर आवक शिक्क्याची पोच घेऊन. नामकरणाचा दिवस सगळे १७ सप्टेंबर सुचवतील. मुक्तिसंग्रामाचा दिवस मुक्तिसंग्रामालाच राहू द्या. बारवाले यांच्या पुण्यतिथीचा २४ जुलै चालेल, फक्त तेव्हा खुरपणी जोरात असते, म्हणून कार्यक्रम दिवेलागणीनंतर ठेवा.