क्लच स्लिप मारतोय हे ओळखायचं कसं? गॅरेजमधल्या पहिल्या वर्षाचा अनुभव

पुण्यात औंधच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड पूर्ण करून मी कात्रजजवळच्या एका गॅरेजात लागलो, तेव्हा क्लचची आकृती मला तोंडपाठ होती. फायबर प्लेट, स्टील प्लेट, प्रेशर प्लेट, स्प्रिंग, हाऊसिंग, सगळं कागदावर काढून दाखवायचो. पण समोर उभ्या गाडीचा क्लच खरंच स्लिप मारतोय का, म्हणजे प्लेटांची पकड सुटून इंजिनची ताकद वाया जातेय का, ते सांगता येत नव्हतं. माझी पहिली मोठी चूक त्यातच झाली. या धंद्यात नव्याने येणाऱ्या मुलांनी ती करू नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

खेड शिवापूरकडून पहाटे दूध घेऊन येणारे एक काका होते. शंभर सीसीची गाडी, मागे दोन्ही बाजूंना भरलेले कॅन. म्हणाले, "कात्रजच्या जुन्या घाटाला गाडी नुसती ओरडते, चढत नाही." उस्ताद नाना पेठेत स्पेअर पार्ट आणायला गेले होते. मी थेट क्लच उघडला. प्लेटा काळ्या पडल्या होत्या, नव्या टाकल्या. ऑइल बदलून पाचशे किलोमीटरही झाले नाहीत असं काका म्हणाले, म्हणून काढलेलं ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये धरून तेच परत भरलं. त्यांचे पैसे वाचवले याचं मला समाधान होतं. आठवड्याने काका पुन्हा दारात, तक्रार तीच.

उस्तादांनी पाना उचलला नाही. फक्त विचारलं, "काका, ऑइल कुठलं टाकलं होतं?" काकांनी सांगितलं, मुलाच्या कारची सर्व्हिसिंग झाली तेव्हा डब्यात उरलेलं होतं, ते घरीच टाकलं होतं. सगळा उलगडा तिथेच झाला.

आपल्याकडच्या बहुतेक गिअरच्या बाइकमध्ये क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. फायबर आणि स्टीलच्या प्लेटा एकाआड एक रचलेल्या, स्प्रिंग त्यांना दाबून धरतात आणि त्या पकडीतून इंजिनची ताकद गिअरबॉक्सला जाते. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात, कारण कारचा क्लच इंजिन ऑइलपासून वेगळा, कोरडा असतो. तेच ऑइल बाइकमध्ये गेलं की प्लेटांची पकड सुटते. म्हणून डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची जपानी मानकं) लिहिलंय का ते बघायचं. 'एमबी' लिहिलेलं ऑइल गिअरलेस स्कूटरसाठी असतं, ते बाइकमध्ये टाकायचं नाही. आणि १०डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-५० हा प्रश्न वेगळा. तो दाटपणाचा आकडा आहे, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो. आकडा बरोबर आणि 'एमए' नाही, तर ते ऑइल घेऊ नका.

आता ओळखायचं कसं. ग्राहक "पिकअप नाही" म्हणतो आणि त्या दोन शब्दांत दहा आजार असतात. आधी गाडी स्वतः चालवून बघा, विचारून आणि हेल्मेट घालून. सपाट, मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये चाळीसच्या आसपास स्पीड धरा आणि एकदम रेस द्या. इंजिनचा आवाज सरसर वर गेला आणि स्पीडचा काटा जागेवरच राहिला, तर क्लच स्लिप मारतोय. खालच्या गिअरमध्ये हे लवकर कळत नाही, कारण तिथे क्लचवर ओझं कमी येतं. म्हणूनच दुखणं आधी घाटात किंवा डबलसीट असताना दिसतं. उलट रेस देऊनही आवाज वरच जात नसेल, तर क्लच सोडा आणि इंजिन बघा: कार्ब्युरेटर, एअर फिल्टर, कॉम्प्रेशन. चाक हाताने फिरवताना जड जात असेल तर ब्रेक धरून बसलाय. चेन स्प्रॉकेटचे दात सोडत असेल तर कटकट आवाज येतो आणि झटके बसतात. क्लच स्लिप मारताना झटका नसतो, रेस गुळगुळीत वाढते. हा फरक एकदा कानाला कळला की कायमचा कळतो. माझ्या कानाला तो कळायला तीन-चार महिने लागले. प्रत्येक टेस्ट राइडनंतर वहीत दोन ओळी लिहायचो, त्याचा फार उपयोग झाला.

पुढची पायरी लीव्हर. लीव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळा प्ले हवा, म्हणजे वायर ताणली जाण्याआधी लीव्हर तेवढा सैल हलायला हवा. प्ले अजिबात नसेल तर वायर कायम ताणलेली राहते, प्लेटा पूर्ण दाबल्याच जात नाहीत. कात्रज चौकातल्या ट्रॅफिकमध्ये दोन बोटं कायम लीव्हरवर ठेवून चालवणाऱ्याच्या गाडीतही हेच होतं. आयटीआयमध्ये माझ्या डोक्यात न शिरलेली एक गोष्ट उस्तादांनी इथे दाखवली. वायर ताणून लांब झाली की प्ले वाढतो. प्लेटा झिजल्या की प्ले कमी होतो, कारण प्लेटांची थप्पी पातळ होते, प्रेशर प्लेट आत सरकते आणि क्लच उचलणाऱ्या रॉडची मोकळी जागा संपते. म्हणजे कुणी हात न लावता प्ले कमी होत चालला असेल, तर प्लेटा झिजताहेत असं समजा. ग्राहकाला विचारा, "लीव्हर शेवटचा कधी सेट केला होता?" एवढ्या एका प्रश्नाने अर्धं निदान होतं.

प्ले सेट करा, पुन्हा चालवून बघा. स्लिप थांबला तर पैसे फक्त सेटिंगचे घ्यायचे. ऑइल चुकीचं असेल तर आधी ऑइल बदलून बघायचं. प्लेटा जळल्या नसतील तर कधीकधी तेवढ्यानेही काम होतं. दोन्ही करूनही फरक नाही, किंवा जळकट वास येतोय, तरच क्लच उघडायचा.

उघडताना घाई नको. ऑइल काढताना ते गरम असतं, हात सांभाळा. कव्हरचे बोल्ट लहान-मोठे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोचून ठेवा. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे-थोडे करत सैल करायचे. एकच बोल्ट पूर्ण काढला तर प्रेशर प्लेट तिरकी होते आणि अॅल्युमिनियमचा खांब तुटू शकतो. प्लेटा निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडा, काही गाड्यांत शेवटची फायबर प्लेट वेगळी असते. मग जाडी मोजायचा व्हर्नियर हातात घ्या. छोट्या गाड्यांत नवी फायबर प्लेट साधारण तीन मिलिमीटरची असते आणि ०.३-०.४ मिलिमीटर झिजली की बाद. नेमकी मर्यादा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलीच धरा, अंदाज करू नका. स्टील प्लेट काचेवर ठेवून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाक बघा, निळसर डाग म्हणजे ती तापलीय. स्प्रिंगची मोकळी लांबी मोजा. एक जरी बसलेली, म्हणजे दबून आखूड झालेली, निघाली तरी सगळ्या बदला. हाऊसिंगच्या खाचांत प्लेटांच्या कानांनी खड्डे पाडलेत का तेही बोट फिरवून बघायचं. ते बहुतेक जण बघत नाहीत आणि नंतर क्लच अडखळतो म्हणून गाडी परत येते.

नव्या फायबर प्लेटा बसवण्याआधी काही तास योग्य इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. कोरड्या बसवल्या तर सुरुवातीलाच जळू शकतात. कव्हराखालचं जुनं पॅकिंग खरवडताना पृष्ठभागावर ओरखडा पडू देऊ नका आणि पॅकिंग नवीनच टाका. स्प्रिंगचे बोल्ट पुन्हा आलटून-पालटून आवळा. ते सहा मिलिमीटरचे असतात, जोर लावला की धागे जातात, त्यामुळे ठरलेल्या जोरानेच आवळणारा टॉर्क पाना वापरा.

काकांच्या गाडीत आम्ही पुन्हा प्लेटा टाकल्या, या वेळी आमच्या खर्चाने. उस्तादांनी अर्धे पैसे भरले, अर्धे माझ्या पगारातून गेले आणि ते मला पटलं. आधी इंजिन थोडं चालवून जुनं ऑइल पूर्ण निथळलं, मग 'एमए' ऑइल भरलं. पहाटे कॅन लादून मी स्वतः काकांच्या मागोमाग जुन्या घाटात गेलो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ओरडली नाही, वळणावळणाने वर चढली. वर थांबून मी लीव्हरचा प्ले बघितला, जागेवर होता. "पाचशे किलोमीटरने या, पुन्हा बघू," म्हणालो. काका बरोबर तिसऱ्या आठवड्यात आले. प्ले थोडा कमी झाला होता, नव्या प्लेटा बसताना तसं होतं. दहाच्या पान्याने दोन मिनिटांत सेट केला.